टोपीचे खिशातले पिस्तूल : घासण्याआधी काय पाहावे

विदर्भातल्या एखाद्या जुन्या मालगुजारी वाड्यात, माडीवरच्या पेटीत कधी कधी वीतभर लांबीचे एकनळी पिस्तूल निघते. वर्षभर ते फडक्यात गुंडाळलेले असते आणि खंडेनवमीला त्यावर हळदकुंकू वाहिले जाते. घोडा स्फोटक भरलेल्या तांब्याच्या छोट्या टोपीवर आदळून बार उडण्याची त्याची रचना असेल, तर ते बहुधा एकोणिसाव्या शतकातले असते.

प्रथम ते भरलेलेच आहे असे समजावे. निपलवर, म्हणजे टोपी बसवायच्या पोकळ बोंडीवर, टोपी दिसल्यास घोड्याला हात लावू नये. टोपी नसेल, तर बारीक लाकडी काडी नळीत अलगद सारून तोंडाशी खूण करावी आणि तीच काडी नळीच्या बाहेरून लावून पाहावी. ती निपलच्या बरीच अलीकडे थांबत असेल, तर आत बार असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर अनेक दशकांनंतरही पेटते, म्हणून तिथेच थांबून पोलीस ठाण्याला कळवावे.

यानंतर रचना पाहावी. बऱ्याच खिशातल्या पिस्तुलांत घोडा बाजूला नसून मधोमध असतो आणि चाप आत दुमडलेला राहून घोडा चढवताच खाली येतो. नळी आटे फिरवून निघणारी असेल, तर तिच्या खाली किल्लीसाठी छोटा उंचवटा किंवा तोंडात खाचा दिसतात. मात्र जाम झालेली नळी पकडीने फिरवण्याचा मोह टाळावा. मुठीच्या टोकाला टोप्या ठेवण्याची झाकणाची डबी असेल, तर संग्राहकाला ती हवीच असते. चकमकीच्या ठिणगीने बार उडणारे पिस्तूल मागाहून टोपीचे केलेले असल्यास जुन्या स्क्रूची बुजवलेली भोके सापडतात.

खरी माहिती नळीच्या खालच्या अंगाला असते. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड ही इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची, म्हणजे नळ्या तपासून खूण ठोकणाऱ्या संस्थेची, खूण आहे. ते 1813 च्या कायद्याने स्थापन झाले. लंबगोलात ई. एल. जी. ही अक्षरे म्हणजे बेल्जियममधील लिएजच्या चाचणीगृहाची खूण, आणि त्यांवर मुकुट असल्यास चाचणी 1893 नंतरची. बाजूला ठळक ‘लंडन’ कोरलेले आणि खाली मात्र लिएजची खूण, अशी जोडीही आढळते. कोरलेल्या नावापेक्षा खुणेवर विश्वास ठेवावा. नळी आणि सांगाडा यांवरचे जुळणीचे आकडे सारखे असावेत. स्क्रूच्या खाचा बारीक व न झिजलेल्या असणे हेही चांगले लक्षण.

मी पाहिलेल्या एका पिस्तुलाला दसऱ्याच्या आधी कोणीतरी चिंच आणि विटेच्या भुकटीने लख्ख केले होते. वेलबुट्टीच्या रेषांत कुंकू तेवढे उरले होते, खुणा पुसट झाल्या होत्या, आणि त्याबरोबर निम्मे मोलही गेले होते. काळपट तपकिरी थर तसाच राहू द्यावा, ओला गंज दिसल्यास मऊ फडक्याने शिलाई मशीनचे तेल पातळ लावावे. आपल्याकडे सहज मिळते म्हणून जवसाचे तेल वापरू नये, कारण ते सुकून चिकट पापुद्रा धरते. पूजा करायची तर हळदकुंकू पाटावर वाहावे.

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मध्ये जुनाट शस्त्रांना मिळणारी सूट, दुरुस्त करूनही वापरता न येणाऱ्या शस्त्रांपुरती आहे. म्हणून ‘आजोबांचे आहे’ एवढ्यावर न थांबता जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.