आईला घेऊन, गाडीसकट मांडव्याला

माझं माहेर चोंढीच्या पुढे, अलिबाग तालुक्यात. राहते परळला. आई 82 वर्षांची, गुडघे दुखतात, वडखळच्या कोंडीत तासन् तास बसणं तिला आता झेपत नाही. म्हणून आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने जातो. गाडी चाकांवर आत चढते, तासाभराने मांडव्याला चाकांवरच उतरते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर काय काय करायचं, ते सांगते.

तिकीट घरूनच ऑनलाइन काढा. गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. गाडीचा आकार पाहून भाडं ठरतं, तेव्हा प्रकार नीट निवडा आणि नंबर दोनदा तपासा. शनिवारी सकाळी तिकिटाशिवाय धक्क्यावर जाऊ नका. निदान तासभर आधी पोचा; सकाळच्या वेळी मासळीच्या टेम्पोंमधून वाट काढावी लागते.

रांगेत थांबावं लागतं तेव्हा आई नातवाला धक्क्याची गोष्ट सांगते. एकोणिसाव्या शतकात उतारूंना चिखल तुडवत होडीत चढावं लागे. त्यांच्या सोयीसाठी लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी धक्का बांधला. त्यांना सगळे भाऊ म्हणत, तेच नाव चालत आलं. मग येते रामदास बोटीची गोष्ट. 17 जुलै 1947, दिव्यांची अवस. रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी ताजी मासळी समुद्रात टाकून देऊन बुडणाऱ्यांना होड्यांत ओढून घेतलं. आई तेव्हा चार वर्षांची. आमच्याकडे त्यानंतर नियमच झाला, नारळी पौर्णिमेआधी कुणी लाँचने जायचं नाही. आई तो नियम सत्तर वर्षांहून जास्त पाळत आली.

त्यामुळे बोटीवर आमचं पहिलं काम ठरलेलं आहे: लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत ते पाहायचं, आणि आईला दाखवायचं. तुम्हीही हेच करा. चहा, फोटो, वारा, सगळं त्यानंतर.

गाडी आत घेताना कर्मचारी हाताने खुणा करतात, नजर त्यांच्यावरच ठेवा. म्हाताऱ्या माणसाला जिना चढायला त्रास होतो हे तेव्हाच काच खाली करून सांगा. गाड्या अगदी खेटून लावतात. एकदा बाजूला दुसरी गाडी लागली, की दार अर्धंही उघडत नाही आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला बाहेर काढणं फार कठीण जातं. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, काचा वर. बोटीच्या थरथरीने वाजू लागणारा अलार्म असेल तर तोही बंद करा. औषधं, पाणी, शाल, चष्मा आधीच पिशवीत भरून बरोबर घ्या. प्रवासात पुन्हा खाली गाडीपाशी जाता येईल असं धरून चालू नका.

ही बोट, एम टू एम-1, ग्रीसमध्ये बांधलेली. फेब्रुवारी 2020 मध्ये मुंबईत आली, 15 मार्चला सेवा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत लॉकडाउन लागला. गणपतीच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये, पुन्हा निघाली. पाचशे माणसं आणि दीडशेच्या आसपास गाड्या मावतील एवढी ती मोठी आहे. वर एसीत बसायची जागा आहे, मोकळा डेक आहे, खायला-प्यायला मिळतं, स्वच्छतागृहं आहेत. पाळीव प्राण्यांचीही सोय आहे, फक्त त्यांचं तिकीट काढावं लागतं. आईला मी एसीत, खिडकीजवळ बसवते. बोट लागत असेल तर मधल्या भागात बसवा, तिथे हेलकावे कमी जाणवतात. पोट अगदी रिकामं नको, तुडुंब भरलेलं तर नकोच. आमच्या पिशवीत आलेपाकाच्या वड्या असतातच.

निघाल्यावर डाव्या हाताला घारापुरी, उजवीकडे मागे पडत जाणारी मुंबई. पुढे कनकेश्वराचा डोंगर दिसू लागला, की आई हात जोडते. तो क्षण तिला मिळावा म्हणूनच मी हे सगळं जमवते.

पावसाळ्यात गेटवेच्या लहान बोटी बंद असतात, रो-रो मात्र हवा बघून चालते. गेल्या वर्षी आई पहिल्यांदाच आषाढात समुद्रावरून गावी आली. सबंध वेळ माझा हात तिने धरून ठेवला होता, पण आली. या दिवसांत फेऱ्या कमी होतात आणि ऐन वेळी रद्दही होतात, म्हणून निघण्याआधी फेरी रद्द तर झाली नाही ना, ते फोनवर तपासा. रद्द झालीच तर मन खट्टू करू नका. शिवडीहून अटल सेतूवर चढा आणि पेण-वडखळमार्गे जा. धक्क्यावरून शिवडी जवळच आहे. मात्र त्या दिवशी आईसाठी पेणला थांबून पाय मोकळे करण्याचा वेळ धरा.

मांडवा जवळ आलं की सगळे एकदम जिन्याकडे धावतात. तुम्ही दहा मिनिटं आधीच सावकाश उठा. पुढची गाडी हलल्याशिवाय इंजिन चालू करू नका, खाली धूर कोंडतो. बाहेर पडल्यावर झिराडपर्यंत गाड्यांची रांग असते. आम्ही जेट्टीजवळ गाडी बाजूला घेऊन आईला चहा पाजतो आणि रस्ता मोकळा झाला की निघतो. तिथून चोंढी फार लांब नाही.