पूलसाठी चॉक कसा निवडावा, आणि निवडण्याआधी काय तपासावं

पूलच्या टेबलावर स्क्रू (चेंडूच्या खालच्या भागावर मारून त्याला मागे ओढणारा फटका) मारायला क्यू, म्हणजे खेळायची काठी, खाली घ्यावी आणि नेहमीच्या भरीव ठोक्याऐवजी ‘टिक्क’ असा कोरडा आवाज येऊन व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा चेंडू) भलतीकडेच निघून जावा, हा मिसक्यू. त्याचं खापर बहुतेक वेळा चॉकवर, म्हणजे क्यूच्या कातडी टोकाला (टिपला) चोळायच्या ठोकळ्यावर, फुटतं आणि मार्कर (हॉलमधला मदतनीस) दुसरा ठोकळा आणून देतो. पण चॉक वाईट असणं, नीट न लावलेला असणं आणि टिपच तो धरत नसणं या तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत. महागडा चॉक यांतल्या फक्त पहिल्या तक्रारीवर उपाय करतो.

नाव चॉक असलं तरी हा फळ्यावरचा खडू नव्हे. फळ्यावरच्या खडूची मऊ भुकटी होते. क्यूच्या चॉकमध्ये सिलिका आणि अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे कठीण, बारीक, टोकदार कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारं चिकट द्रव्य व रंग असतो. विल्यम स्पिंक्स हा अमेरिकी बिलियर्ड्सपटू आणि शिकागोचा रसायनतज्ज्ञ विल्यम हॉस्किन्स या दोघांनी १८९७ साली अशा चॉकचं पेटंट घेतलं. आजचा प्रत्येक ठोकळा त्याच कल्पनेवर चालतो: कातडी टिपवर दाण्यांचा पातळ थर बसवायचा, म्हणजे ते दाणे क्षणभर चेंडूला धरतात.

ही पकड किती लागते, याचं गणित सोपं आहे. पूलचा चेंडू ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साधारण २८.६ मिलिमीटर. मध्यापासून १४ मिलिमीटरवर, अर्ध्या त्रिज्येवर, टिप टेकवली की तिथला पृष्ठभाग मधोमधल्या पृष्ठभागापेक्षा ३० अंशांनी तिरका असतो. तिथे न घसरण्यासाठी घर्षणांक ०.५८ च्या आसपास लागतो. चांगला चॉक लावलेली टिप साधारण इथपर्यंत टिकते. यापुढे गेलात तर जगातला कुठलाही चॉक वाचवत नाही. त्याच्या आत असाल आणि टिप घसरली नाही, तर साध्या चॉकने जेवढा स्पिन मिळतो तेवढाच महागड्यानेही मिळतो. म्हणून वेष्टनावर ‘जास्त स्पिन’ असं छापलेलं दिसलं की ते जाहिरात म्हणून वाचावं. चॉक स्पिन वाढवत नाही, फक्त मिळणारा स्पिन वाया जाऊ देत नाही.

तुम्ही या मर्यादेच्या आत मारता की बाहेर, हे पाच मिनिटांत कळतं. ९ ते १५ पैकी एखादा पट्टेरी चेंडू व्हाइटच्या जागी ठेवा, पट्टा आडवा. पट्ट्याच्या वरच्या-खालच्या कडा साधारण त्या अर्ध्या त्रिज्येवरच येतात. नेहमीसारखा स्क्रू मारा, चेंडू उचला आणि चॉकचा ठिपका कुठे उमटला ते बघा. ठिपका पट्ट्याच्या कडेवर किंवा बाहेर असेल तर गरज मार सुधारण्याची आहे, चॉक बदलायची नाही. ठिपका आत असूनही टिप घसरत असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

पुढची पायरी टिपची. पूलच्या क्यूची टिप साधारण १२ ते १३ मिलिमीटरची असते आणि तिची गोलाई रुपयाच्या नाण्याच्या गोलाईइतकी असावी. नाणं उभं धरून टिपशेजारी टेकवलं की लगेच दिसतं. सपाट झालेली टिप कडेने चेंडूला लागते, आणि नेमक्या त्याच कडेवर चॉक सगळ्यात कमी पोचलेला असतो. दुसरं, टिप आरशासारखी चकाकत असेल तर तिच्यावर काहीच बसणार नाही. टिप शेपरने (टिपला आकार देणाऱ्या खरखरीत घासणीने) किंवा बारीक काट्यांच्या टिप पिकने ती हलकेच खरखरीत करा. दाबून घासत बसू नका, नाहीतर महिन्याभरात टिप निम्मी होईल. ब्रेक क्यूला (डावाच्या पहिल्या फटक्यासाठीच्या वेगळ्या क्यूला) फिनॉलिक या कडक प्लास्टिकची टिप असेल तर तिच्यावर चॉक मुळातच कमी टिकतो. तिने मधोमध मारावं आणि तरीही प्रत्येक ब्रेकला चॉक लावावा.

इतकं झाल्यावर चॉक. चॉकमध्ये बघायच्या गोष्टी तीन: टिपवर किती वेळ टिकतो, चेंडूवर किती खूण सोडतो आणि हवेत व कापडावर किती भुकटी उडवतो. पहिल्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात, निवडीतली खरी गोम तीच. मऊसर, किंचित चिकट चॉक टिपला धरून बसतो, पण तोच चेंडूलाही धरतो. कोरडा, कडक चॉक चेंडूवरून पटकन झटकला जातो, पण टिपवरूनही तितक्याच पटकन उडतो.

चेंडूवरची खूण निव्वळ दिसायला वाईट म्हणून टाळायची नसते. व्हाइटवरचा चॉकचा ठिपका फिरत फिरत नेमका ऑब्जेक्ट बॉलला (व्हाइटने ज्याला मारायचं त्या चेंडूला) लागायच्या जागी आला, तर दोन चेंडूंमधलं घर्षण एकदम वाढतं आणि क्षणभर ते एकमेकांना चिकटल्यासारखे होतात. ऑब्जेक्ट बॉल ओढला जातो, कट (चेंडू तिरका वळण्याचा कोन) कमी पडतो आणि चेंडू पॉकेटमध्ये, म्हणजे भोकात, न जाता त्याच्या कडेला आपटतो. स्नूकरवाले याला ‘किक’ म्हणतात. हळू मारलेल्या कट शॉटला हा फटका जास्त बसतो. नेम बरोबर असूनही असे शॉट अधूनमधून चुकत असतील तर चॉक आणि चेंडूंची स्वच्छता, दोन्ही तपासा.

दुकानात ठोकळा बोटाने चोळून फारसं कळत नाही. एकेक ठोकळा आणून टेबलावर अशी तुलना करावी. आधी टिपवरचा जुना चॉक कोरड्या कापडाने पुसून, शेपर एकदा हलका फिरवून काढून टाका. दोन चॉकचं मिश्रण तपासलं तर कुठल्याचाच निकाल खरा नसतो. व्हाइट पुसून घ्या आणि एकदाच चॉक लावा. ऑब्जेक्ट बॉल दोन डायमंड (टेबलाच्या कडेवरच्या खुणा) अंतरावर सरळ रेषेत ठेवून मध्यम जोराचे पाच स्क्रू मारा, मध्ये चॉक न लावता. प्रत्येक शॉटनंतर टिप उजेडात धरून बघा. ज्या जागेने चेंडूला मारलं तिथे चकाकणारा उघडा डाग दिसू लागला की थर संपला. दुसऱ्या शॉटलाच डाग दिसला तर चॉक टिकाऊ नाही. तिसऱ्या-चौथ्याला दिसला तर ठीक. पाचनंतरही थर शाबूत असेल तर खूण किती पडते ते जास्त काळजीने बघा.

ते असं: व्हाइट पुन्हा पुसा, ताजा चॉक लावा, एक जोराचा स्क्रू मारा आणि चेंडू उचला. ठिपका लहान आणि फिका असावा, कोरड्या अंगठ्याने एका पुसण्यात निघावा. रेघ ओढल्यासारखा पसरत असेल तर तो चॉक किकला आमंत्रण आहे. शेवटी पांढरा कागद पसरून त्यावर क्यू धरा, नेहमीसारखा पाच वेळा चॉक लावा आणि फेरूलवर (टिपच्या लगत खाली असलेल्या कडीवर) बोटाने एक टिचकी द्या. कागदावर पडलेली भुकटी म्हणजे रोज तुमच्या टेबलावर पडणारी भुकटी. प्रत्येक चॉकला वेगळा कागद घेऊन ते शेजारी ठेवा, फरक लगेच डोळ्यांना दिसतो.

ब्रँडबद्दल थोडक्यात. अमेरिकी ‘मास्टर’ आणि ‘ट्रँगल’ हे पार्लरचे जुने सोबती. स्वस्त, भरवशाचे, मात्र दर एक-दोन शॉटना लावावे लागतात आणि भुकटी सोडतात. ‘ट्रँगल’ स्नूकरवाल्यांच्या जास्त आवडीचा. इटालियन लोंगोनीचा ‘ब्लू डायमंड’ आणि ‘प्रिडेटर’चा चॉक मधल्या किमतीत येतात, आणि नियमित खेळणाऱ्यासाठी पैशाचा खरा मोबदला याच पट्ट्यात आहे. जपानी ‘कामुई’ची ख्याती टिपला घट्ट चिकटण्याची, पण चेंडूवर खूण सोडण्याबद्दल तक्रारही त्याचीच जास्त. फिनलंडचा ‘टाओम’ उलट्या टोकाचा, भुकटी आणि खूण दोन्ही कमी. किकचा वैताग आलेले स्नूकर खेळाडू त्याच्याकडे वळले ते त्यामुळेच. शेवटचे दोन्ही महाग आहेत. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने ते घेण्याआधी तेच पैसे नव्या टिपवर घालावेत असं आमचं स्पष्ट मत. महागड्या चॉकची नक्कलही विकली जाते, त्यामुळे क्यूचं सामान विकणाऱ्या ओळखीच्या दुकानातून घेतलेलं बरं.

रंग ही हौसेची बाब वाटते, पण तो कापडाकडे बघून ठरवायचा. हिरव्या कापडाला हिरवा, निळ्याला निळा. स्पर्धांमधल्या फिकट निळ्या कापडावर गडद निळा चॉकही डाग पाडतो. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूला स्वतःचा चॉक आणता येतो, पण त्याचा रंग कापडाला जुळणारा हवा. आपल्याकडे एकाच हॉलमध्ये स्नूकरची हिरवी आणि पूलची निळी टेबलं शेजारी असतात आणि ठोकळे इकडून तिकडे प्रवास करतात. हिरव्या कापडावर निळे ठिपके दिसतात ते यामुळे. लाल-काळे शौकीन रंग घ्यायचे असतील तर पांढरा शर्ट घालून जाऊ नका.

लावण्याची पद्धत चुकली तर निवडीचा सगळा खटाटोप वाया. ठोकळा टिपवर दाबून क्यू गरागरा फिरवणं ही सर्वात पसरलेली सवय आणि सर्वात वाईटही. त्याने ठोकळ्यात खोल भोक पडतं. भोकाच्या भिंती फेरूलला घासतात आणि टिपच्या कडा मात्र कोरड्या राहतात. फेरूलवर निळं वलय दिसलं की हीच सवय समजावी. क्यू तिरकी धरा आणि ठोकळ्याची कड टिपवरून लिपस्टिक लावावी तशी हलक्या हाताने ओढा, क्यू थोडी थोडी फिरवत. चार-पाच ओढण्यांत पूर्ण टिप झाकली जाते. थर पातळ आणि सारखा हवा. जाड ढेकळं राहिली तर ती पहिल्याच शॉटला चेंडूवर उतरतात. हे सगळं टेबलापासून एक पाऊल मागे उभं राहून करा, वर जास्तीची भुकटी उडवायला फुंकर मारायची असेल तर तीही तिथेच. साधा चॉक दर शॉटला लावा. टिकाऊ चॉक असला तरी शॉटआधी टिपकडे एक नजर टाकायची सवय सोडू नका.

ठोकळा रेलवर (टेबलाच्या लाकडी कडेवर) ठेवताना चॉकची बाजू वर. उलटा ठेवला की खालची भुकटी रेलवर, तिथून तळहातावर आणि तळहातावरून कापडावर जाते. कुशन शॉटचा (टेबलाच्या रबरी कडेवर आपटवून मारायच्या फटक्याचा) नेम धरायला रेलवर खूण म्हणून चॉक ठेवणं मात्र स्पर्धेत चालत नाही.

जून ते सप्टेंबर मुंबई, कोकण, गोवा इथे वेगळीच अडचण असते. दमट हवेत ठोकळा ओल धरतो, त्याचा पृष्ठभाग तुकतुकीत होतो आणि चॉक ढेकळांनी सुटतो. घट्ट झाकणाच्या डबीत, ओल शोषणारी पुडी टाकून ठेवा. ओलावलेला ठोकळा सावलीत वाऱ्यावर वाळवा. घामासाठी हाताला लावायची टाल्कम पावडर तर चॉकची वैरीणच. ती शाफ्टवरून (क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागावरून) टिपवर आणि बोटांवरून ठोकळ्यावर जाते आणि पकडीच्या जागी निसरडेपणा आणते. पावडरऐवजी ग्लव्ह वापरा, किंवा शाफ्ट ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडा करा. आणि ठोकळ्याच्या तोंडाला बोट लावू नका.

चेंडू खेळाआधी मायक्रोफायबरच्या कापडाने पुसावेत. जास्त मळले असतील तर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. फर्निचर पॉलिश मात्र कधीही नको. पूलचं गुळगुळीत कापड मऊ ब्रश किंवा कमी ओढीच्या व्हॅक्यूमने साफ होतं. स्नूकरच्या लोकरी कापडाला लव असते, तिथे ब्रश बॉकपासून (खेळ सुरू होतो त्या टोकापासून) वरच्या टोकाकडे एकाच दिशेने फिरवायचा. चॉकच्या डागावर पाणी टाकून घासलं तर रंग कापडात आणखी आत बसतो.

ठोकळ्यात खळगा खोल झाला की तो फेकायची घाई नको. सपाट फरशीवर सँडपेपर पसरून ठोकळ्याचं तोंड गोल गोल घासा, कडा खळग्याच्या तळाच्या थोड्याच वर राहतील इतपत. उथळ बशीसारखा झालेला ठोकळा नव्या सपाट ठोकळ्यापेक्षाही टिपच्या कडा चांगल्या झाकतो.