विममध्ये ओळ संपल्यावरही कर्सर पुढे न्यायचा असेल तर

हापूसच्या पेट्यांची यादी, विम या टेक्स्ट एडिटरमध्ये (मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये) उघडलेली साधी टेक्स्ट फाइल. शेरा ६० व्या स्तंभात हवा, पण ओळ २५ वर संपली की कर्सर तिथेच अडतो. लांब ओळीवरून आखूड ओळीवर उतरलं की मागे सरकतो.

माउस निरुपयोगी. स्पेस दाबून बोटं दुखली. टॅब वापरला तर रत्नागिरीत सरळ दिसणारे रकाने वाशीच्या संगणकावर वाकडे, कारण टॅबची रुंदी जिथली तिथे ठरते.

चाललं ते असं: एस्केप, कोलन, मग ‘सेट व्हर्च्युअलएडिट=ऑल’ आणि एंटर. सगळं रोमन लहान अक्षरांत, बरोबरच्या चिन्हाभोवती जागा न सोडता. पुढे ६० टाइप करून उभी रेघ (पाइप) दाबा, कर्सर थेट तिथे. लहान ‘आय’ दाबून लिहा. मधली जागा स्पेसने भरते. नुसता कर्सर फिरवला तर फाइलीत काहीच वाढत नाही. उजवीकडे आधीच मजकूर असेल तर मोठा ‘आर’, नाहीतर पुढचे रकाने ढकलले जातात.

देवनागरीत मात्रा-जोडाक्षरांमुळे रुंदी चुकते, म्हणून आकडे आधी आणि बागायतदाराचं नाव शेवटच्या रकान्यात ठेवावं.

कायमसाठी हीच सेटची ओळ, कोलनशिवाय, डॉट-विमआरसी या विमच्या सेटिंग्जच्या फाइलीत.