यंत्राला प्लास्टिकचा भाग बसवण्याआधी

काजू कारखान्यातली स्क्रेपर पट्टी, मासळी कापायच्या टेबलावरची पाटी, कोकम आगळाच्या पंपातला बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी). हे भाग झिजले की बाजारात जायचे, पांढरी शीट किंवा रॉड बघायचा, दुकानदार म्हणतो “फूड ग्रेड आहे”, आणि लेथवाल्याकडे काम जाते. त्या दोन शब्दांनी काहीही सिद्ध होत नाही. बर्फातल्या बांगड्याला निर्धोक असलेले प्लास्टिक आगळात निकामी ठरू शकते, कारण अन्नसुरक्षेचा नियम पाळला जातो की नाही हे प्लास्टिकच्या नावावर नव्हे, वापरावर ठरते. म्हणून खरेदीच्या आधी चार गोष्टी कागदावर लिहा: कोणते अन्न लागणार, किती अंशांवर, किती वेळ, आणि तो भाग कशाने धुतला जाणार.

सुरुवात अन्नापासून. प्रयोगशाळा प्लास्टिकमधून अन्नात काय उतरते ते मोजते तेव्हा खऱ्या अन्नाऐवजी त्याच्यासारखे वागणारे द्रव वापरते. आगळ, बोंडूचा रस, व्हिनेगरचे लोणचे ही आंबट मंडळी, पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप, ४.५ च्या खाली असेल तर चाचणी ३ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये होते. खोबरेल, काजूगर, तारले, बांगडे हे तेलकट. त्यांच्यासाठी वनस्पती तेल किंवा भारतीय पद्धतीत हेप्टेन नावाचे द्रावक. चोरीस (गोव्याचे मसालेदार सॉसेज) आंबटही आणि चरबीचेही, म्हणून दोन्ही चाचण्या लागतात. फेणीचा अल्कोहोल २० टक्क्यांच्या बराच वर असतो, तिला ५० टक्के इथेनॉलची चाचणी हवी. “पाण्यात पास” असा अहवाल घेऊन तेलाच्या यंत्राला भाग बसवणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. चरबी आणि अल्कोहोल प्लास्टिकमधून जे ओढून काढतात, ते पाणी काढू शकत नाही.

मर्यादा एकच लक्षात ठेवा. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत प्लास्टिकमधून उतरणाऱ्या एकूण द्रव्याची कमाल मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरमागे, म्हणजे १० सेमी बाय १० सेमी पृष्ठभागामागे, १० मिलिग्रॅम आहे. चाचणीची पद्धत आयएस (भारतीय मानक) ९८४५, आणि रंग उतरलेला दिसता कामा नये. युरोपच्या १०/२०११ नियमातही एकूण मर्यादा याच आकड्यांची आहे. हे नियम वेष्टनासाठी लिहिलेले असले तरी यंत्राचा भाग निवडताना हाच मापदंड धरणे शहाणपणाचे. २०११ च्या परवाना नियमांतली अनुसूची ४ उपकरणे बिनविषारी, न गंजणारी आणि सहज धुता येणारी असावीत असे सांगते. कुठला पॉलिमर घ्यायचा ते सांगत नाही. ती निवड तुमची.

आता साहित्याकडे. मासळी आणि बर्फाच्या कामाला यूएचएमडब्ल्यू (अतिउच्च रेणुभाराचे) पॉलिथिलीन सर्वांत भरवशाचे: पाणी पीत नाही, थंडीत तडकत नाही, क्लोरीनच्या सौम्य पाण्याला दाद देत नाही. मर्यादा उष्णतेची, सततच्या वापराला ८० अंशांच्या आत. पॉलिप्रोपिलीन १०० अंशांच्या जवळपास टिकते, आम्लालाही उत्तम, त्यामुळे आगळाच्या टाकीला आणि झाकणाला ते घ्यावे. पण शून्याच्या आसपास ते ठिसूळ होते, म्हणून बर्फघरात नको.

नायलॉनबद्दल सविस्तर बोलायला हवे, कारण गोव्याची हवा त्याला मानवत नाही. नायलॉन ६ पाणी पितो. पूर्ण भिजल्यावर वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी त्यात शिरते आणि मापात सुमारे २ टक्के वाढ होते. एप्रिलमध्ये सैल फिरणारा बुश जुलैत शाफ्टला आवळतो. ६० मिमी बाहेरच्या व्यासाचा बुश जेमतेम १ टक्का फुगला तरी ०.६ मिमी होतात. बुश ज्या धातूच्या खोबणीत बसवलेला असतो तिच्या भिंती त्याला बाहेर जाऊ देत नाहीत, तेव्हा भोक आत येते. मग मोटर गरम होते आणि दोष बेअरिंगला दिला जातो. ओल्या जागी बुश लागत असेल तर पीओएम घ्या, ज्याला दुकानात सर्रास डेलरिन म्हणतात. त्याची पाणी पिण्याची क्षमता १ टक्क्याच्या आत आहे. पीओएमचे दोन प्रकार असतात, कोपॉलिमर आणि होमोपॉलिमर. शक्यतो कोपॉलिमर घ्या. होमोपॉलिमरच्या जाड रॉडच्या मध्यभागी बारीक पोकळ्या असू शकतात, भोक पाडताना त्या उघड्या पडतात आणि आत घाण साचते.

पण पीओएम आगळात नको. पीएच ४ च्या खाली आणि तीव्र क्लोरीनमध्ये ते खराब होते. आम्लाच्या ठिकाणी पॉलिप्रोपिलीन, पीव्हीडीएफ (फ्लोरीनयुक्त प्लास्टिक) किंवा टेफ्लॉन. टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत टिकते, मात्र बोल्टच्या दाबाखाली हळूहळू पसरते, म्हणून ते मोकळे न ठेवता खाचेत बंदिस्त बसवायचे. काजू टरफलाच्या तेलात फिनॉल जातीची द्रव्ये असतात, आणि नायलॉनला ती चालत नाहीत. काजू फोडण्याच्या भागात स्टीलच ठेवा. बोर्म्यातून, म्हणजे गर सुकवायच्या भट्टीतून, निघालेल्या गराच्या पट्ट्यावर मात्र पॉलिप्रोपिलीन चालते.

फेणी किंवा हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) वाहून न्यायला मऊ पारदर्शक पीव्हीसी नळी अजिबात वापरू नका. ती मऊ राहते ती त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे, आणि अल्कोहोल नेमके तेच ओढून घेतो. काही महिन्यांनी नळी कडक झालेली दिसते. तिच्यातले निघून गेलेले सगळे दारूत उतरलेले असते. स्टेनलेस पाइप किंवा आतून टेफ्लॉनचे अस्तर असलेली नळी घ्या. खोबरेलालाही हाच नियम.

रॉड नक्की कशाचा आहे हे घरच्या घरी बऱ्याच अंशी कळते. छोटा तुकडा साध्या पाण्यात टाका: तरंगला तर पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन. बुडाला तर पाण्यात विरघळेल तितके मीठ घाला. संपृक्त मिठाच्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास, नायलॉनची १.१४, पीओएमची १.४१. भर न घातलेले नायलॉन वर येते, पीओएम तळाशीच राहते. तुकड्यावर हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नका, नाहीतर निकाल फसवा येतो. जाळून पाहण्याची जुनी सवय सोडा. टेफ्लॉनची आणि पीओएमची वाफ विषारी असते.

काळ्या, हिरव्या किंवा ठिपकेदार स्वस्त शीट बहुतेकदा पुन्हा वितळवलेल्या मालाच्या असतात. त्या चेन गाइडला (साखळी सरकते त्या पट्टीला) चालतील, अन्नाला लावू नका. अन्नाकडच्या बाजूला निळा रंग घ्या. पांढऱ्या काजूगरात पांढरी कपची दिसत नाही, निळी लगेच दिसते. मेटल डिटेक्टरला सापडणारे प्लास्टिकही मिळते. घेतले तर सर्वांत लहान कपची आपल्याच डिटेक्टरमधून, आपल्याच मालासोबत काढून बघा.

लेथवाल्याला दोन सूचना लेखी द्या. कटिंग ऑइल नको, धारदार टूल आणि गरज पडल्यास स्वच्छ पाणी. आणि पितळेचे काम झालेले यंत्र आधी झाडून पुसून घ्यायचे, कारण पितळेत बऱ्याचदा शिसे असते आणि त्याचा बारीक किस मऊ प्लास्टिकमध्ये रुतून बसतो.

बसवताना प्रसरणाकडे दुर्लक्ष करू नका. यूएचएमडब्ल्यू मीटरमागे प्रत्येक अंशाला सुमारे ०.२ मिमी वाढते. १.२ मीटरची पट्टी २८ अंशांवर बसवली आणि ७५ अंशांच्या पाण्याने धुतली तर ती ११ मिमी लांबते, तर खालची स्टेनलेस चौकट जेमतेम १ मिमी. गोल भोकांत घट्ट आवळलेली पट्टी लाटेसारखी उचलली जाते आणि तिच्याखाली मासळीचे खवले अडकतात. उपाय साधा: मधले भोक गोल, बाकीची लांबट, किंवा ६०० मिमीचे तुकडे करून मध्ये ६ मिमी मोकळी जागा. टोके तिरकी कापा म्हणजे पट्टीवरून सरकणारी साखळी अडखळत नाही. स्क्रूची डोकी अन्नाच्या बाजूला येऊ देऊ नका, मागून बसवा.

शेवटी कागद. पुरवठादाराकडून मागायचे घोषणापत्र म्हणजे “फूड ग्रेड” छापलेले माहितीपत्रक नव्हे. त्यात उत्पादकाचे नाव, अचूक ग्रेड, लॉट क्रमांक (उत्पादनाच्या खेपेचा), नियमाचा क्रमांक, कोणत्या अन्नाला, किती तापमान आणि वेळेसाठी, आणि रंगासह की रंगाविना, हे सगळे हवे. भारतीय मानके पॉलिथिलीनला आयएस १०१४६, पॉलिप्रोपिलीनला १०९१०, नायलॉन ६ ला १२२४७, रंगद्रव्यांना ९८३३. अमेरिकेचा दाखला असेल तर ओलेफिनला (पॉलिथिलीन, पॉलिप्रोपिलीन) २१ सीएफआर, म्हणजे तिथल्या संघीय नियमसंग्रहातले, १७७.१५२०, पीओएम कोपॉलिमरला १७७.२४७०. हे क्रमांक कच्च्या रेझिनचे आहेत, तुमच्या रंगीत, कापलेल्या भागाचे नाहीत. रंगाचा दाखला वेगळा मागा. मासळी युरोपला जात असेल तर १०/२०११ ची घोषणा लागेल. पुन्हा पुन्हा वापरायच्या भागाची चाचणी तिथे त्याच नमुन्यावर तीनदा होते, तिसरा आकडा मर्यादेत असावा लागतो आणि आकडे चढत जाता कामा नयेत.

दुकानात मोठ्या शीटमधून तुकडा कापला की लेबल उरलेल्या भागावर राहते. म्हणून लॉट क्रमांक बिलावर लिहून घ्या आणि १०० बाय १०० मिमीचे काही तुकडे बाजूला ठेवा. शंका आली तर एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत आयएस ९८४५ असलेल्या प्रयोगशाळेला तेच पाठवता येतात.

ऑर्डर अशी लिहा: “यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन, व्हर्जिन (पुन्हा न वितळवलेले), निळा, १२ मिमी जाड, तेलकट मासळी, ० ते १० अंश, पाळीभर सततचा संपर्क, धुलाई क्लोरीनचे पाणी व ७५ अंश पाणी, रंगासह घोषणापत्र आणि लॉट क्रमांकाशिवाय माल स्वीकारला जाणार नाही.”