शून्य बाइटची खतावणी

सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानाला रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत हिशेबाचा प्रोग्रॅम करून दिला होता. ऐन सौद्यात लाइट गेली. परत आली तेव्हा फाइल शून्य बाइट! शेठ म्हणाले, "वहीचं असं कधी होत नाही बघा." काय बोलणार?

चूक माझीच. फाइल::क्रिएट ही रस्टची फाइल बनवायची आज्ञा जुनी फाइल आधी रिकामी करते; नवं लिहून व्हायच्या आतच लाइट गेली. आता तात्पुरत्या फाइलीत लिहितो, सिंक_ऑल करतो, म्हणजे सगळं खरंच डिस्कवर उतरवतो, मगच रीनेम करून तिला जुन्या फाइलीचं नाव देतो. लिनक्सवर फोल्डरही सिंक करतो. तात्पुरती फाइल त्याच फोल्डरात हवी. मी आधी सिस्टिमच्या टेम्प फोल्डरात ठेवली, ते निघालं वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, रीनेम अडलं. बफरायटर, म्हणजे लिखाण आधी मेमरीत साठवून मग फाइलीत टाकणारा, तर ड्रॉप होताना (काम संपून मोडीत निघताना) एरर गुपचूप गिळतो, म्हणून फ्लश, म्हणजे साठलेलं फाइलीत टाकणं, स्वतः करतो.

मेन स्विच पाडून सहा वेळा पाहिलं. कधी जुनी फाइल, कधी नवी. अर्धवट एकदाही नाही.