शिस्तीची वही: पावरी-भिली बोलणाऱ्या मुलींसाठी

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या शाळेत, जिथे मुली घरी पावरी, भिली या आदिवासी बोली बोलतात, बेशिस्तीच्या तक्रारी नोंदवायला आधी एक दोनशे पानी वही सुरू करा. रकाने पाच: तारीख, मुलीची घरची बोली, काय घडलं, कोणी नोंदवलं, पुढे काय केलं. ‘उद्धटपणा’ लिहू नका. ‘दोनदा विचारलं, उत्तर दिलं नाही’ असं लिहा. खरी गफलत इथेच होते. पावरी बोलणारी पोर मराठी प्रश्न न कळल्याने खाली मान घालून गप्प राहते, आणि तो माज समजला जातो. म्हणून तिची बोली जाणणाऱ्या शिक्षिकेसमोर, नसेल तर गावातल्या अंगणवाडीताईंना बोलावून, तिचं म्हणणं आधी ऐका. छडी आणि अपमान नाहीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ दोन्हींना मनाई करतं. महिनाअखेरीस बोलीवार नोंदी पटाशी ताडून बघा, म्हणजे कोणत्या बोलीच्या मुलींवर संख्येच्या मानाने जास्त तक्रारी होतात ते दिसेल. त्या मुलींची बोली बोलणारी शिक्षिका मागताना, नावं झाकून, हीच वही गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे ठेवा.