फुलांचं ग्रीटिंग कार्ड करताय? या चुका टाळा (आणि आधी कूलर बंद करा)

दर उन्हाळ्यात धुळ्याच्या आमच्या घरी आठ-दहा जणी ग्रीटिंग कार्ड शिकायला येतात. शाळकरी मुली, त्यांच्या आया, एखादी माहेरी आलेली नवी नवरी. जलरंगाचा हात मारलेला कागद, त्यावर दाबून वाळवलेली फुलं, मग क्विलिंग (कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेली नक्षी) आणि कडेला दोऱ्याचे टाके, हे सगळं त्यांना एकाच कार्डावर हवं असतं. दिसतंही सुंदर, पण दर वर्षी चुका मात्र त्याच त्या होतात. सांगून सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते.

पहिली चूक माझी स्वतःचीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींना द्यायला मी २५ कार्डं केली होती. मे महिना, पारा ४३ च्या वर, त्यामुळे कूलरसमोर बसूनच काम उरकलं आणि कार्डं रात्रभर तिथेच टेबलावर पसरून ठेवली. कूलर पाण्याची हवा फेकतो आणि ती कागद पितो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. सकाळी कार्डं हाताला गार आणि लिबलिबीत लागली. मग मी त्याहून मोठा शहाणपणा केला. चटकन वाळतील म्हणून ती गच्चीवर उन्हात मांडली. तासाभराने बघते तर २५ च्या २५ वाकलेली, शेजारी वाळत घातलेल्या बिबड्यांसारखी, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांसारखी. आजेसासूबाई एक उचलून म्हणाल्या, "हाई काय शे वं, बिबडा का कार्ड?"

झालं काय, तर ओल शोषली की कागद फुगतो, पण सगळीकडे सारखा नाही. त्याच्या तंतूंना एक दिशा असते, तिला आडवा तो जास्त वाढतो, उभा कमी. वर चिकटवलेल्या तुकड्याची दिशा वेगळी असेल, तर वाळताना दोन कागद एकमेकांना ओढतात आणि कार्ड कमान टाकतं. आता मी कूलर बंद करते, पंखा एकवर ठेवते आणि घाम पुसत काम करते. सपाट चिकटवण्याचं काम झालं की कार्ड दोन बटर पेपरमध्ये घालायचं, वर पाटी, पाटीवर पिठाचा डबा, आणि रात्रभर तिकडे फिरकायचंच नाही. क्विलिंग दुसऱ्या दिवशी. "एका दिवसात होत नाही का?" असं विचारणाऱ्यांनी दुकानातून छापील कार्ड आणावं, मला राग येणार नाही.

फेव्हिकॉलचंही तसंच. झाकणात चमचाभर ओतून ठेवलं की आपल्या कोरड्या हवेत पाच मिनिटांत वर साय धरते. मग मुली त्यात पाणी घालतात. घालू नका! पाणी म्हणजे पुन्हा ओल. मसुरीएवढा थेंब घ्या, टूथपिकने लावा, संपला की दुसरा घ्या. क्विलिंगच्या गुंडाळीला फक्त शेवटच्या टोकाशी ठिपका लागतो, बाकी डिंक नुसता चकाकतो.

आता फुलं. मागे एकीने ताजा झेंडू तसाच्या तसा चिकटवून आणला होता. चौथ्या दिवशी कार्डावर हिरवट बुरशी आणि पाकिटाला कुबट वास. झेंडू, शेवंती अशी जाड बोंडाची फुलं अख्खी दाबली जात नाहीत. पाकळ्या सुट्या करा, वाळवा आणि कार्डावर पुन्हा फूल मांडा. नवख्यांसाठी बोगनवेल उत्तम. तिची जी पाकळी म्हणून आपण तोडतो, ती खरं तर रंगीत पान असते, मुळातच कागदासारखी. लाल गुलाब वाळून काळपट होतो, त्याच्यावर जीव लावू नका. फूल थेट वर्तमानपत्रात ठेवलं तर शाई उमटते, म्हणून मध्ये पांढरा टिश्यू ठेवा आणि वर जाड पुस्तकांची थप्पी. मे महिन्यात माझी फुलं सहा-सात दिवसांत वाळतात. श्रावणात तीन आठवडे लागतात आणि एक दिवसाआड कागद बदलावा लागतो. इस्त्रीने वाळवता येतात का? येतात, वाफ बंद करून, टीपकागदात घालून. मी करत नाही. घाईत एक क्षण जास्त झाला की पाकळी तपकिरी.

घडीवर कागद फाटतो, ही तक्रारही ठरलेली. ए-फोर कार्डशीटचे तंतू बहुधा लांबीला असतात आणि आपण ती मधोमध, म्हणजे नेमकी तंतूंना आडवी मोडतो. कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, जिकडे सहज वाकेल तिकडेच घडी. मी २२ बाय २८ इंची मोठी शीट आणून स्वतः कापते. घडीआधी पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबायची.

टाक्यांची भोकं थर्माकोलवर ठेवून सुईने आधी पाडा, फुलं लावल्यावर नाही. मजकूरही सगळ्यात आधी लिहा. तीन तास खपून शेवटी "वाढदीवसाच्या" लिहिलेलं कार्ड मी पाहिलंय. जलरंगाला ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) जाड कागद घ्या. ग्लू गनने पाकळ्या चिकटवू नका. चमकीबद्दल मी काही बोलत नाही, घर तुमचं, झाडू तुमचा.

आणि पाकीट. ५ मिलिमीटरची पट्टी गुंडाळली की फूल ५ मिलिमीटर उभं राहतं. साध्या पाकिटात घालून टपालात टाकलंत तर पलीकडे चपटी पुरी पोहोचेल. नंदुरबारच्या बहिणीला मी कार्ड मिठाईच्या रिकाम्या डब्यात घालून, एसटीने जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती देते. मागच्या वेळी तिने आधी फोन करून विचारलं, पेढे कुठे गेले म्हणून.